नोव्हेल सर्व्हर आणि व्हॅक्स एकाच इथरनेटवर: आधी पत्ता, मग फाइल

नेटवेअर ३.११ (नोव्हेलची सर्व्हर प्रणाली) चा सर्व्हर आणि व्हीएमएसवाली (डेक कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम) मायक्रोव्हॅक्स, म्हणजे डेकचा छोटा व्हॅक्स संगणक, एकाच केबलवर आहेत, दोन्ही नीट चालतात, पण एकमेकांना दिसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. हार्डवेअरला हात लावू नका, तिथे काही बिघडलेलं नाही. नेटवेअर आयपीएक्स या प्रोटोकॉलवर चालतं, व्हॅक्स डेकनेट आणि लॅट या डेकच्या प्रोटोकॉलवर. शिवाय ३.११ मुळात 'रॉ' ८०२.३ फ्रेम (इथरनेटवरून जाणारं पाकीट) पाठवतं. तिच्यात आत कोणता प्रोटोकॉल आहे हे सांगणारं खूणक्षेत्रच नसतं, त्यामुळे व्हॅक्स ती सोडून देते.

या दोन सर्व्हरना थेट बोलायला लावण्याच्या मागे लागू नका. मधे एक डॉसचा पीसी ठेवा. ओडीआय ड्रायव्हर (नोव्हेलचा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर) असला की एकाच कार्डावर आयपीएक्स आणि टीसीपी-आयपी दोन्ही चालतात. त्याच्या नेट डॉट सीएफजी या सेटिंगच्या फाइलमध्ये ८०२.३ आणि इथरनेट टू अशा दोन्ही फ्रेम लिहा. व्हॅक्सवर यूसीएक्स (व्हीएमएससाठीचं टीसीपी-आयपी) चढवा आणि पीसीवरून एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने फाइल उचलून थेट नोव्हेल सर्व्हरच्या ड्राइव्हवर टाका. पाथवर्क्स हे डेकचं सॉफ्टवेअर घालून व्हॅक्सलाच फाइल सर्व्हर करता येतं, पण तुमचा नोव्हेल सर्व्हर चालू असताना तो खटाटोप मला पटत नाही.

आता जिथे बहुतेकांचे दिवस जातात ती गोष्ट. डेकनेट फेज ४ सुरू होताना कार्डाचा हार्डवेअर पत्ता बदलतं. नोड १.१० (विभाग १, संगणक १०) असेल तर १ × १०२४ + १० = १०३४, म्हणजे षोडशमानात ०४०ए; त्याचे दोन बाइट उलट क्रमाने शेवटी येतात आणि पत्ता होतो एए-००-०४-००-०ए-०४. बाकीचे प्रोटोकॉल सुरू होण्याआधी हा बदल व्हायला हवा, म्हणून व्हीएमएसच्या स्टार्टअपमध्ये डेकनेट आधी, लॅट आणि यूसीएक्स नंतर. तुमची व्हॅक्स सिमएच या इम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम), आणि तो व्हर्च्युअलबॉक्समध्ये असेल, तर नेटवर्क अडॅप्टरचा प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्या पत्त्याची पाकिटंही स्वीकारण्याची सेटिंग) 'अलाऊ ऑल' ठेवा, नाहीतर बदललेल्या पत्त्याची पाकिटं आतपर्यंत पोचतच नाहीत. वायफायवर तर हा प्रयोग करूच नका.

जोडणी झाल्यावर फाइलींचा त्रास सुरू होतो. व्हीएमएसमध्ये फाइल म्हणजे नुसती बाइटची रांग नसते. व्हीएमएसची फाइल-व्यवस्था, आरएमएस, तिची रेकॉर्ड-रचना वेगळी नोंदवून ठेवतं. मजकुराची फाइल आस्की मोडमध्येच आणा, बायनरीत आणली तर ओळी एकमेकींना चिकटू शकतात. एक्झिक्युटेबल (चालणारा प्रोग्रॅम) किंवा बॅकअप सेव्हसेट (बॅकअपची एकत्रित फाइल) पीसीवर ठेवून पुन्हा व्हॅक्सवर न्यायचा असेल तर इन्फो-झिप या झिप प्रोग्रॅमचा मोठ्या व्हीचा ("-V") पर्याय अवतरणचिन्हात देऊन झिप करा, म्हणजे गुणधर्म टिकतात. नावंही आधी तपासा: व्हीएमएसमध्ये ३९ अक्षरांचं नाव आणि पुढे आवृत्ती क्रमांक चालतो, डॉसमध्ये ८ अधिक ३. लांब नावं कापली गेली की दोन फाइली एकाच नावावर येतात आणि पहिलीवर दुसरी लिहिली जाते.

इतकं करूनही अडलं तर नेटवेअरच्या कन्सोलवर 'कॉन्फिग' आणि व्हॅक्सवर एनसीपी या डेकनेटच्या नियंत्रण प्रोग्रॅममधून 'शो एक्झिक्युटर' चालवून दोन्हींचं आउटपुट इथे टाका.