सही केली की डॉक्टर हात वर करतील का?

लिव्हिंग विलचं, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायच्या कागदाचं, विचारायला कुणीही आलं की सुरुवातीला जरा इकडचं तिकडचं होतं आणि मग हा प्रश्न येतोच, की मॅडम, एकदा त्या कागदावर सही केली की डॉक्टर नीट बघणारच नाहीत ना, उद्या साधा डेंग्यू झाला तरी म्हणतील यांनीच लिहून दिलंय, राहू द्या. म्हातारी माणसं हे जिवाच्या भीतीनं विचारतात. पोरांची भीती वेगळी असते, ती पुढं येईलच.

अण्णांची केस सांगते. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय सत्तरीच्या पुढं, अशोक चौकाच्या बाजूला टॉवेलचा कारखाना होता तो आता भाड्यानं दिलाय, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये, लेक इथंच जुळे सोलापूरला दिलेली. लेकच घेऊन आली होती. बसल्या बसल्या म्हणाले, "मला ते नळ्या-बिळ्या काय नको बघा मॅडम. थोरल्या भावाचं बघितलो मी. दोन वर्सं नाकात नळी, पाठीला जखमा, माणूस कोण ओळखू येत नाही. माझं तसं करू नका म्हणून कुठं लिहून द्यायचं तेवढं सांगा."

मी लगेच कागद काढत नाही. लेकीला बाहेर बसवलं आणि आधी त्यांच्याशी एकट्याशी बोलले. कारण "मला काही नको" असं म्हणणाऱ्या माणसाला कधीकधी खरंच डिप्रेशन असतं, किंवा घरात कुणीतरी खर्चावरून टोमणे मारलेले असतात, आणि अशा वेळी लिहून घेतलेला कागद म्हणजे त्याच्या निराशेवर शिक्कामोर्तब. झोप कशी आहे, जेवण जातंय का, दिवस कसा जातो, पैशाचं कोण बघतं, हे सगळं विचारलं. अण्णा रोज सकाळी सिद्धेश्वर मंदिराला चालत जातात, मित्रांचा कट्टा आहे, कडक भाकरी अजून दातानं तोडतात आणि भाड्याचा हिशोब स्वतः ठेवतात. जगायचा कंटाळा वगैरे काही नव्हतं. भावाचं जे बघितलं ते डोक्यातून जात नव्हतं, एवढंच.

मग त्यांनी मूळ प्रश्न विचारला, सही केल्यावर डॉक्टर सोडून देतील का. त्याचं उत्तर असं, की हा कागद दोन गोष्टी एकदम झाल्या तरच कामाला येतो. एक म्हणजे आजार बरा होण्याची काही आशा उरलेली नाही, आणि दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः निर्णय सांगण्याच्या अवस्थेत नाही. उद्या हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी लागली, रस्त्यात गाडीनं उडवलं, तर सगळे उपचार नेहमीसारखेच होणार. शुद्धीत असाल तर तुमचं तोंडी बोलणंच चालतं, कागद कुणी उघडत पण नाही. आणि वेळ आलीच तरी एकटा डॉक्टर ठरवू शकत नाही. हॉस्पिटलचं एक मेडिकल बोर्ड बघतं, त्यात तुमचे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर आणि पहिल्या बोर्डात नसलेले निदान दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं, आणि दोन्हीकडून होकार आला तर मॅजिस्ट्रेटला कळवून मगच मशीन काढतात. बोर्डानं नकार दिला तर घरच्यांना हायकोर्टात जाता येतं. वेदना कमी करणं, स्वच्छता, तोंड ओलं ठेवणं हे शेवटपर्यंत चालूच राहतं. इंजेक्शन देऊन संपवणं आपल्याकडं बेकायदेशीर आहे, तसं तुम्ही लिहून दिलं तरी कुणी करणार नाही.

"मग त्या नर्सबाईचं काय हो?" अण्णांनी विचारलं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग. 1973 मध्ये हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, तेव्हापासून 2015 मध्ये न्यूमोनियानं गेल्या तोवर त्या भान हरपलेल्या अवस्थेत त्याच हॉस्पिटलमध्ये होत्या. त्यांना अन्न देणं थांबवावं म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता एका पत्रकारानं, सांभाळणाऱ्या नर्सेस त्याच्या विरोधात होत्या, आणि खुद्द अरुणाताईंना काय हवं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 2011 मध्ये कोर्टानं अर्ज फेटाळला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बोलून ठेवायला पायजे म्हणजे."

कायद्याचं बाकी थोडक्यात. मार्च 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कुणी त्या वाटेला जायचंच नाही. जानेवारी 2023 मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार, शक्यतो घरचे नकोत, आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक महापालिकेच्या अधिकाऱ्याकडं (पोच घ्या, पोच!), आणि वेळ आली तर तुमच्या वतीनं बोलायला ज्यांची नावं लिहिली त्यांना. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं, नवीन केलं तर शेवटची सही असलेलं धरतात.

हे सगळं एका बैठकीत उरकलं. वेळ गेला तो नाव कुणाचं लिहायचं यात.

अण्णांनी गृहीत धरलेलं की मुलाचं. मुलाला व्हिडिओ कॉल लावला तर तो चिडलाच. "अण्णा, इन्शुरन्स आहे, माझ्याकडं पैसा आहे, तुम्ही असलं का लिहालाय? उद्या सगळी भावकी म्हणेल पोरानं खर्च वाचवायला बापाची नळी काढली." हीच ती पोरांची भीती. त्यांना बापाच्या मरणाएवढंच तेराव्याला जमणाऱ्या माणसांचंही भय वाटतं, आणि मी त्याला हसणार नाही, आपल्याकडं लोक खरंच बोलतात. मी त्याला एवढंच विचारलं की समजा रात्री अडीचला आयसीयूतून फोन आला, आशा नाही पण व्हेंटिलेटर लावू का म्हणून, तर तू काय सांगशील. तो लगेच म्हणाला, "लावा म्हणीन." अण्णा लेकीकडं वळले. तिच्या डोळ्यात पाणी. "मी पण लावाच म्हणीन, अण्णा."

मला विचाराल तर इथंच बहुतेक घरं चुकतात. सगळ्यात जास्त माया कुणाची, किंवा थोरला कोण, ते बघून नाव घालतात. बघायचं असतं हे, की आत्या रडायली, मामा ओरडायलाय, डॉक्टर घाईत आहेत, अशा वेळी तुमचं म्हणणं न डगमगता कोण सांगेल. माया करणारा माणूस त्या घटकेला स्वतःचं मन सांगतो, तुमचं नाही.

लेकच म्हणाली मग, की मोठ्या अण्णांच्या मुलाला विचारू. म्हणजे पुतण्या, ज्यानं स्वतःच्या बापाची नळी, सक्शन, कूस बदलणं असं दोन वर्षं सगळं केलेलं. तो आला, जास्त बोलत नाही, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका म्हणतील तसं मी सांगतो. भावकीला पण मीच सांगतो." अण्णांचा चेहरा सैल झालेला मी बघितला. आता एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात, म्हणून पुतण्या आणि लेक दोघांची घातली. मुलगा आधी रुसला, आणि नंतर लेक सांगत होती की त्याला सुटल्यासारखं वाटलंय.

मजकुरात पण घोळ झालाच. अण्णांनी वहीत लिहून आणलेलं, "मला त्रास देऊ नये." याचा डॉक्टरनं काय अर्थ काढायचा, सुई टोचणं पण त्रासच आहे की. मोघम असेल तर बोर्ड तो कागद मानणारच नाही. म्हणून फॅमिली डॉक्टरकडं बसून एकेक लिहिलं, बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर नको, हृदय थांबलं तर छाती दाबणं नको, डायलिसिस नको, नाकातून किंवा पोटातून नळीनं अन्न नको, वेदनेचं औषध हवं, जमेल तर शेवट घरी. घरी हे त्यांनी दोनदा बजावलं.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला, आयसीयूत ठेवलं. मुलाचा हैदराबादहून मला फोन, ती फाईल डॉक्टरला दाखवू का लपवू. म्हटलं दाखव बिनधास्त. डॉक्टरनं बघितली, केस पेपरला लावली आणि ऑक्सिजन, अँटिबायोटिक सगळं जोरात चालू ठेवलं, कारण हे बरं होणारं दुखणं होतं. अण्णा घरी आले, शेंगाचटणी खाऊ नका सांगितलं तरी खायला लागले.

आल्यावर त्यांनीच विषय काढला की व्हेंटिलेटर एकदम नको असं नको, बरं होईल की नाही अशी शंका असेल तर चार-पाच दिवस लावून बघा आणि फरक नसेल तर काढा असं लिहू. डॉक्टर लोक अशी ठराविक दिवसांची ट्रायल देतातच, चांगली सुधारणा आहे ती. नवीन कागद झाला, नोटरी झाली, जुन्या प्रती गोळा करून फाडल्या. महापालिकेत नवीन प्रत द्यायची तेवढी राहिलीये, पुतण्या सोमवारी जाणार आहे.