फाटक गेले, पाणी आले
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मिरज-लोंढा मार्गालगतच्या गावांतून रेल्वे फाटकांविषयी आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. ब्रॉडगेजवरची विनागेटमनची फाटके जानेवारी २०१९ अखेर संपली. आता गेटमन असलेली फाटके काढून तिथे भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल होत आहेत.

प्रश्न : आमच्या गावात फाटकाच्या जागी भुयारी मार्ग झाला. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी असते. पंप बसवला आहे, पण उपयोग शून्य. काय करावे? (खानापूर तालुका)

पंपाला दोष देण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा. दोन्ही बाजूंचे उतार प्रत्येकी ६० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरले, तर क्षेत्र ७२० चौरस मीटर होते. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर ३६ हजार लिटर पाणी जमते, म्हणजे सेकंदाला १० लिटर. एवढे पाणी आठ मीटर वर फेकायला तीन अश्वशक्तीचा पंप पुरतो. पण वरच्या बाजूच्या एक एकर शेताचे पाणी उतारावर वळले आणि त्यातले निम्मेच वाहून आले, तरी तासाला एक लाख लिटरची भर पडते. तिथे हा पंप हरणारच.

म्हणून पहिला उपाय वरच्या तोंडाशी. उतार सुरू होण्याआधी रस्ता ३० सेंटिमीटर उंचावून घ्यावा, दोन्ही कडांना भिंत आणि शिवाराच्या बाजूने चर काढावा. उतारांवर पत्र्याचे छप्पर घातले तर ते ३६ हजार लिटरही आत येत नाहीत. छपराचे पाणी स्वच्छ असते, ते शोषखड्ड्यात सोडता येते. भुयारातले पाणी मात्र तेलकट असते, ते विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या आसपास सोडू नका.

दुसरी गोष्ट पातळीची. भुयारातील रस्त्याचा सर्वांत खालचा बिंदू आणि जवळच्या नाल्याचा तळ यांतला फरक मोजून घ्या. नाला १०० मीटरवर असेल आणि त्याचा तळ अर्ध्या मीटरपेक्षा जास्त खाली असेल, तर ३०० मिलिमीटरचा ह्यूम पाइप (सिमेंट काँक्रीटचा नळ) १ : २०० उताराने टाकला की पाणी आपोआप जाते. विजेची गरजच उरत नाही. नाल्याला पूर आला की पाणी उलटे येते, म्हणून पाइपच्या तोंडाला झडप हवी. असा उतार मिळत नसेल, तरच पंप.

पंप का बंद पडतात? वादळात वीज जाते, विजेचे पॅनेल खाली बसवल्याने बुडते, पालापाचोळा जाळीत अडकतो. भुयारातले पाणी जिथे जमते आणि पंप जिथून ओढतो, त्या टाकीत निदान तीन हजार लिटर पाणी मावावे, म्हणजे पंपाला पाच मिनिटे उसंत मिळते. पंप गाळ ओढणारा आणि जोडीने असावा, एक चालू नि एक राखीव. पॅनेल वरच्या रस्त्यापेक्षा उंच असावे. बाहेर फेकलेले पाणी रस्त्याकडेच्या त्याच गटारात पडून पुन्हा आत येत नाही ना, हेही पाहा. हे हमखास होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी साचत असेल, तर ते झिरपणीचे आहे. भुयार कोरडे करून रात्रभर सोडा. सकाळी भिंतींच्या सांध्यांतून ओल उतरलेली दिसेल. काँक्रीटच्या ठोकळ्यांमधले हे सांधे ग्राउटिंग करून, म्हणजे दाबाने पातळ मसाला आत भरून, बंद करावे लागतात, नुसते प्लास्टर टिकत नाही.

माहिती अधिकारात मागायच्या असतील तर तीन पातळ्या मागा : रूळ, भुयाराचा तळ, नाल्याचा तळ. सबबी तिथेच संपतात.

प्रश्न : आमच्या फाटकाऐवजी साडेतीन मीटर उंचीचा भुयारी मार्ग प्रस्तावित आहे. उसाची ट्रॉली जाईल का? (रायबाग)

भरलेली ट्रॉली याहून उंच असते, जाणार नाही. उंचीइतकाच वळणाचाही विचार करा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडल्या की भुयाराच्या तोंडाशी काटकोनात वळणे जमत नाही. ग्रामसभेत गळीत हंगामातील वाहतुकीची नोंद करून ठेवा : दिवसाला किती ट्रॉल्या, किती बैलगाड्या, कोणत्या महिन्यांत. पर्यायी रस्ता सुचवला असेल तर तो पावसात चालतो का आणि किती लांब पडतो, हे लेखी मागा. रोज सहा किलोमीटरचा वळसा पन्नास ट्रॉल्यांना पडला, तर त्यात दिवसाला ३०० किलोमीटरचे डिझेल वाढते, आणि ते फाटक काढण्याच्या खर्चात कुणी धरत नाही. फाटक बंद करायला राज्य सरकारच्या यंत्रणेची संमती लागते, तेव्हा हरकत त्याच टप्प्यावर घ्या. नंतर कोणी दारात उभे करत नाही.

प्रश्न : उड्डाणपूल झाला की गेटवरचा धूर थांबेल, मग पर्यावरणाचा फायदा किती? (बेळगाव शहर)

गृहीत धरलेले आकडे घेऊन हिशेब करू. गेट दिवसाला ३० वेळा बंद होते, दर वेळी १०० वाहने सरासरी पाच मिनिटे थांबतात, आणि चालू इंजिन तासाला अर्धा लिटर पिते. दिवसाला १२५ लिटर होतात, म्हणजे वर्षाला सुमारे १०५ टन कार्बन डायऑक्साइड. आता पुलाला ५ हजार घनमीटर काँक्रीट लागले आणि घनमीटरमागे ३०० किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर १,५०० टन. नुसत्या काँक्रीटचे फेडायला १४ वर्षे, लोखंड वेगळेच. म्हणून पुलाची खरी बाजू सुरक्षितता आणि रुग्णवाहिकेचा वेळ ही आहे. धुराचे कारण दुय्यम. शिवाय वाहनचालकांनी इंजिन बंद केले तर तो धूर उद्याच थांबेल, त्यासाठी पुलाची वाट पाहायची गरज नाही.

कार्बनचा हा भार कमी करायचा तर पायासाठी स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) मिसळलेले सिमेंट मागावे. पोलाद कारखान्यांची स्लॅग आपल्याकडे बळ्ळारी भागातून मिळते. त्याची ताकद सावकाश येते, त्यामुळे पाणी मारायचे दिवस कमी करून चालत नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर पूल रुळापासून साधारण साडेसहा मीटर मोकळी उंची सोडून जातो. गर्डरसह आठ मीटर धरले, तर १ : ३० उताराने दोन्हीकडे २४०-२४० मीटर भराव किंवा खांब येतात. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचा विचार नकाशातच करून घ्या, नाहीतर ते रूळ ओलांडत राहतात.

प्रश्न : पुलाच्या भरावासाठी शेतातली काळी माती विकत घ्यायला ठेकेदार तयार आहे. द्यावी का? (चिकोडी)

देऊ नका, तुमच्या रानाचे नुकसान आणि पुलाचेही. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि भराव खचून पुलाच्या तोंडाशी धक्का बसतो. तपासणी सोपी आहे : ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली, भट्टीत वाळवलेली १० ग्रॅम माती दोन काचेच्या नळ्यांत घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल १०० मिलिलिटरपर्यंत भरा, ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली, तर ती भरावाला चालत नाही. मुरूम किंवा तांबडी माती वापरावी. कूडगीसारख्या औष्णिक केंद्राची राखही चालते. अशा केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत रस्ता-पूल भरावात राख वापरण्याची सक्ती केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत आहे. राखेच्या बाजूंना निदान मीटरभर मातीचे आवरण लागते, नाहीतर पहिल्याच वळवात भराव वाहून जातो.