आधी उत्तर पुरं होऊ दे

अमळनेर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नगरपालिकेच्या निवडणुकीत प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना एका मंचावर आणायचं तुम्ही मुलांनी ठरवलंत आणि सूत्रसंचालन तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस, "सर, लोकांना टाळ्या वाजवू द्यायच्या की गप्प बसवायचं? गप्प बसवलं तर कोणी येणार नाही, असं सगळे म्हणतात." माझं उत्तर आधीच सांगतो. उमेदवार बोलत असताना सभागृहात आवाज नको. टाळी नको आणि हुर्योही नको. मी हे ठामपणे सांगतो, कारण एकदा मी ठाम राहिलो नाही आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात असाच कार्यक्रम मी चालवला होता. पाच उमेदवार, त्यांत एक ताई. पहिले दोघे घोटून आणलेलं बोलले. त्यांच्या माणसांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. मलाही वाटलं, कार्यक्रम रंगतोय. मग पाण्याचा प्रश्न आला. ताई उठल्या, हातात कॅलेंडरची तीन पानं. "पानी आठ दिनम्हा एकदाव येस, तेबी राती दोन वाजता..." एवढं बोलल्या आणि मधल्या रांगांतून हसू फुटलं. कोणीतरी त्यांच्या अहिराणीची नक्कल केली, त्यावर आणखी हशा. त्या माईकजवळ क्षणभर थांबल्या. "बस, इतलंच," म्हणाल्या, पानांची घडी घातली आणि खाली बसल्या. मी पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही, त्यांच्या घरी गेलो. ती पानं पाहिली. तीन महिन्यांत ज्या ज्या दिवशी नळाला पाणी आलं, त्या तारखेभोवती पेनाने गोल केलेला. शेजारी बारीक अक्षरात वेळ आणि किती हंडे भरले ते. मंचावरच्या दुसऱ्या कोणाकडेही एवढा पुरावा नव्हता. आणि समोरची माणसं तो न ऐकताच घरी गेली. घरी गेल्यावर तीही अहिराणीतच बोलणारी! हसणाऱ्यांना थांबवणं माझं काम होतं. मी ते केलं नाही.

आता तुझ्या मित्रांचं म्हणणं. आपला श्रोता मुका नाही, हे खरंच आहे. कीर्तनात विठ्ठलनामाचा गजर श्रोत्यांनी उचलल्याशिवाय बुवांनाही पुढे जाववत नाही. पण सखाराम महाराजांच्या यात्रेत लहानपणी मी बोरी नदीच्या पात्रात तमाशा पाहिलाय. सवाल-जवाब सुरू झाला की सवाल टाकताना आणि जवाब येईपर्यंत माणूस चिडीचूप असायचा. जवाब पुरा झाला की मग फेटे उडायचे. सवाल नीट ऐकला नसेल तर जवाब बसला की फसला हे कळणार कसं? आपल्या रसिकाला ते कोणी शिकवावं लागलं नव्हतं. तू लोकांना काही नवीन करायला सांगत नाहीस.

जाहीर सभेची गोष्ट वेगळी. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. ते घोषणांशिवाय कल्पताही येत नाही. सभेला माणूस आपली बाजू दाखवायला जातो. तुमच्या कार्यक्रमाला तो बाजू ठरवायला येणार आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका गोष्टीची, आणि ती फारसं कोणी बोलत नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका ज्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने होतात, त्यात कलम १२७ निवडणुकीच्या काळात राजकीय सभेत गोंधळ घालून ती बंद पाडण्याविरुद्ध आहे. त्याच्या थोडं पुढेच १२८ वं कलम मतदानाच्या गुप्ततेचं. मला ही दोन्ही कलमं इतकी जवळ असणं फार बोलकं वाटतं. आपल्या गावात टाळी म्हणजे उघड मतदान असतं. केळीचा व्यापारी पहिल्या रांगेत बसलेला, त्याच्याकडून पैसे यायचे असलेला शेतकरी चौथ्या रांगेत. सोसायटीचा चेअरमन इकडे, कर्जाचा अर्ज दिलेला तिकडे. कोणी टाळी वाजवली हे दिसतं, आणि कोणी नाही वाजवली हे त्याहून जास्त दिसतं. सगळेच शांत असले की त्या शेतकऱ्याला निदान दोन तास मोकळेपणाने ऐकता येतं.

आवाजाने ऐकणाऱ्याचं मत हलतं, हेही खरं आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार रेगन आणि मॉण्डेल वादचर्चेत समोरासमोर आले. दोघांत रेगनच वयाने मोठे; त्यांच्या वयाचा प्रश्न निघाला तेव्हा ते म्हणाले, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. सभागृह हसलं, मॉण्डेलही हसले. पुढे संशोधकांनी त्या वादचर्चेची चित्रफीत श्रोत्यांचा आवाज काढून लोकांना दाखवली. शब्द तेच, माणूस तोच, पण हशा नसताना रेगन पाहणाऱ्यांना कमी प्रभावी वाटले. तिथे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची १९६० ची पहिली दूरचित्रवाणी वादचर्चा श्रोत्यांविना स्टुडिओत झाली होती, आणि २७ जून २०२४ ला अटलांटात बायडेन-ट्रम्प यांच्यासमोरही श्रोते नव्हते. तू तेवढ्या टोकाला जाऊ नकोस. माणसं हवीतच, त्यांच्यासाठीच हे चाललंय.

आता कामाचं. सुरुवातीला हात जोडून सांग, "उत्तर संपेपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं. फेरी संपली की सगळ्यांसाठी मिळून टाळ्या." घड्याळ सर्वांना दिसेल असं ठेव. एखाद्याच्या उत्तरात त्याचीच माणसं टाळ्या वाजवू लागली तर घड्याळ चालू राहू दे. वेळ त्याचाच जाईल, आणि हे एकदा दिसलं की ती आपोआप थांबतील. विरोधकांनी गोंधळ घातला तर मात्र घड्याळ थांबव आणि बोलणाऱ्याचा वेळ त्याला परत दे. ओरडू नकोस, नुसती थांब. खरोखर हसण्यासारखं काही झालं आणि सगळे हसले तर हसू दे, त्यावर कोणाला दटावू नकोस. पण कोणाच्या बोलीवर हसले तर तिथल्या तिथे सांग आणि ते उत्तर पहिल्यापासून पुन्हा बोलायला लाव. मी त्या रात्री हेच करायला हवं होतं.

लोकांचा आवाज प्रश्नांत येऊ दे. अर्धा वेळ त्यांना दे. प्रश्न कागदावर घे, नाव न लिहिता. अहिराणीत विचारलेला अहिराणीतच वाच.

आणि बसायची व्यवस्था आधी ठरव. कार्यकर्ते गठ्ठ्याने बसले की आरोळी उठते, विखुरले की नाही. दारातच खुर्चीच्या नंबराच्या चिठ्ठ्या वाट. मी येईन. मलाही चिठ्ठीच दे.

तुझे सर