तळावरची खूण आणि पोटावरचे चित्र

प्रश्न : माझ्या संग्रहात गडद निळ्या रंगाची, सोनेरी धातूच्या बैठकीवर बसवलेली फ्रेंच पोर्सेलीनची फुलदाणी आहे. पुढच्या बाजूस सोनेरी चौकटीत बागेतल्या प्रेमी युगुलाचे चित्र असून त्याच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे. तळाशी एकमेकांत गुंफलेले दोन ‘एल’ आणि त्यांच्या मध्ये ‘ए’ आहे. ही फुलदाणी 1753 सालची, सेव्र कारखान्यातील समजावी काय?

उत्तर : खुणेचा अर्थ आपण बरोबर लावला आहे. गुंफलेले ‘एल’ हे पंधराव्या लुई राजाचे चिन्ह, तर ‘ए’ हे 1753 या वर्षाचे अक्षर. मात्र त्या वर्षी हा कारखाना व्हँसेन येथे होता आणि सेव्रला तो 1756 मध्ये हलला. मुळात ही खूण खरी मानण्यासच माझी तयारी नाही, कारण एकोणिसाव्या शतकातील नक्कलकारांनी ती इतकी सर्रास वापरली की निव्वळ तिच्या आधारावर काहीही ठरवता येत नाही.

चित्रातील सही मला अधिक बोलकी वाटते. अठराव्या शतकात त्या कारखान्यातील चित्रकार साधारणपणे तळाशी आपली छोटीशी खूण करीत. प्रसंगचित्राच्या कोपऱ्यात ठळक नाव लिहिण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील सेव्र शैलीच्या फुलदाण्यांवर बोकाळली.

आता फुलदाणी उजेडात तिरपी धरून चित्राकडे पाहावे. व्हँसेनचे आरंभीचे पोर्सेलीन केओलिन (म्हणजे शुद्ध पांढरी चिनी माती) नसलेल्या मऊ मिश्रणाचे असे. त्याच्या शिसेयुक्त झिलईत रंग भाजताना मुरतात आणि चित्राची चमक भोवतालच्या झिलईत मिसळून जाते. कठीण पोर्सेलीनवर मात्र रंग पृष्ठभागावरच बसतात व बोटाला किंचित जाणवतात. कठीण पोर्सेलीनला लागणारे केओलिन फ्रान्समध्ये लिमोजजवळ सापडले ते 1768 च्या सुमारास, म्हणून आपली फुलदाणी कठीण पोर्सेलीनची ठरल्यास 1753 चा प्रश्नच मिटतो.

मऊ पोर्सेलीनची ठरली तरी निर्धास्त होऊ नये. 1800 मध्ये कारखान्याची सूत्रे हाती घेतलेल्या अलेक्सांद्र ब्रोंन्यार यांच्या काळात न रंगवलेला जुना पांढरा माल विकला गेला आणि बाहेरच्या रंगाऱ्यांनी त्यावर जुन्या थाटाची चित्रे काढली. म्हणजे भांडे अस्सल, पण सजावट नंतरची. अशा वेळी झाडीचा हिरवा रंग उपयोगी पडतो. क्रोमियम हे मूलद्रव्य 1797 मध्ये सापडले, त्यामुळे क्षकिरण टाकून रंगातील मूलद्रव्ये ओळखणाऱ्या क्षकिरण प्रतिदीप्ती चाचणीत हिरव्या रंगात ते आढळले, तर ते रंगकाम 1753 चे असूच शकत नाही. या चाचणीत वस्तूला ओरखडाही उठत नाही.

आपल्या वर्णनावरून, विशेषतः सहीवरून, ही फुलदाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असावी असे माझे मत आहे. नोंदवहीत ‘सेव्र शैलीतील’ असे लिहावे, आणि सोनेरी मुलाम्याला पॉलिश मुळीच लावू नये. तो घासला की उडतो.