पुण्यात चांगला समुपदेशक कसा शोधावा?

दारावरच्या पाटीला भुलू नका. आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स करूनही 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे कोथरूडपासून हडपसरपर्यंत भेटतील. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर थेरपी देणारे मानसशास्त्रज्ञ, असतील तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर नाव ताडून बघा. समुपदेशक असतील तर मानसशास्त्रात एमए झालंय का, कोणाच्या देखरेखीखाली काम केलंय, हे सरळ विचारा. (गोळ्या लिहून देणं मात्र सायकिअ‍ॅट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचं काम.) मला एका ठिकाणी फोनवर उत्तर मिळालं, "आधी दहा सेशनचं पॅकेज भरा, मग बोलू." फोन ठेवला. दुसऱ्या बाईंनी फी, वेळ, गोपनीयता, सगळं पहिल्याच भेटीत कागदावर दिलं, तिथे टिकलो. अगदीच जीव घाबरा होत असेल तर शोधत बसू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा.