‘मिटी गयं’, पण कोर्टात मिटलं का?

‘मिटी गयं, आते काय?’ जळगाव-धुळ्याकडच्या पत्रांचा सूर बहुधा हाच असतो. पैसे हाती पडले, चहा झाला, पण दावा अजून कोर्टाच्या बोर्डावर आहे. म्हणून आज फक्त तेवढेच प्रश्न.

उधारीचे पैसे बाहेरच मिळाले. दावा बंद करायला दोघांनी कोर्टात यायलाच हवं का? (अमळनेर)

दावा नुसता काढून घ्यायचा तर वादीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं सहीचं लेखी निवेदन, पुरते. तडजोडनाम्यावर मात्र दोघांच्या सह्या लागतात.

केळीच्या व्यापाऱ्याकडे 84 हजार अडकले, म्हणून दावा लावला. आता तो 30 हजार रोख देतो, बाकीचे पुढच्या कटाईला. पण ‘आधी दावा काढून घ्या’ म्हणतो. घेऊ का? (रावेर)

नाही. हा डाव मी इतक्यांदा पाहिलाय की पत्र अर्धं वाचूनच चिडलो. कोर्टाची परवानगी न घेता दावा काढून घेतलात, तर त्याच कारणावरून पुन्हा दावा लावता येत नाही. ती परवानगीही मागितली की मिळते, असं नाही. म्हणजे कटाई झाली, व्यापाऱ्याने फोन उचलणं सोडलं, की 54 हजार गेले आणि कोर्टाचा दरवाजाही बंद. हे त्याला ठाऊक असतं, म्हणूनच ‘आधी’ या शब्दावर एवढा जोर. ‘गावातले चार जण साक्षीला आहेत’ असं तुम्ही लिहिलंय. त्या चौघांकडून वसुली करणार का?

योग्य वाट अशी: तडजोडनामा लेखी करा. किती मिळाले, किती बाकी, कोणत्या तारखेला किती, आणि हप्ता चुकला तर सगळी रक्कम एकदम देणं, हे त्यात येऊ द्या. ‘पुढच्या कटाईला’ नको, कॅलेंडरची तारीख हवी. दोघांनी सह्या करून तो कोर्टात दाखल करा आणि त्यावर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा बंधनकारक निर्णय, करून घ्या. मग पैसे बुडवले तर नवा दावा नको, थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. मसुदा मात्र तुमच्याच वकिलाकडून. व्यापाऱ्याने टाइप करून आणलेल्या कागदावर सही नको.

मी प्रतिवादी. पैसे दिले. वादी म्हणतो, ‘तारखेला येऊ नका, मी बघतो.’ (शहादा)

जा. तो विसरला किंवा फिरला, तर तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. पावती घेऊन आधी वकिलाला भेटा.

हुकूमनाम्यानंतर वादीला रोख पैसे दिले, पावती नाही. आता दरखास्तीची नोटीस आली. (चाळीसगाव)

किती दिवस झाले, तेच लिहिलं नाहीत! बाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवायला तुम्हाला 30 दिवसांची मुदत असते. नोंद नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे धरत नाही. त्यात रोख, बिनपावतीचे. वादीने कोर्टात कबूल केलं तरच सोपं. नोटीस घेऊन आज वकिलाकडे जा, दिवाळीनंतर नव्हे.

चेक बाउन्सची केस. फिर्यादीचे पैसे चुकते केले, आता जायला नको ना? (भुसावळ)

ही दिवाणी नाही, फौजदारी केस आहे. तडजोडीला कायद्याची मुभा आहे, पण कोर्टात तिची नोंद होईपर्यंत तुम्ही आरोपीच. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय एकही तारीख चुकवू नका.

लोकअदालतीत मिटवलं तर नंतर अपील करता येतं म्हणतात. आणि आवारात झाडाखाली बसणारा एक जण पाचशे रुपयांत फाईल बंद करून देतो, खरं का? (धुळे)

म्हणणारे कोण? लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तो हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो. भरलेली कोर्ट फी परत मिळते, हा फायदा खरा. जमलं नाही तर केस परत कोर्टात जाते, सही करायची सक्ती नाही. तेव्हा अटी वकिलाला दाखवूनच सही करा. पाचशेवाल्याचं म्हणाल तर केस न्यायाधीशांच्या आदेशाने निकाली निघते. त्या आदेशाची नक्कल मागा, तो पुन्हा त्या झाडाखाली दिसणार नाही.