शहरांची कार्यक्षमता मोजायला घेण्यापूर्वी

महाराष्ट्रातील शहरांच्या शाश्वत आर्थिक विकासाची कार्यक्षमता मोजायची असेल, तर पद्धत निवडण्याआधी आपण मोजमापाची हद्द ठरवावी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय उत्पन्नाचे अंदाज जिल्हानिहाय देते, आणि पुणे जिल्ह्याच्या आकड्यात चाकणच्या कारखान्यांबरोबर जुन्नरची शेतीही येते. अशा उत्पन्नाशी केवळ महापालिका हद्दीतील वीज आणि पाण्याचा वापर जोडला, तर मिळणारे गुणोत्तर निरर्थक ठरते. माझ्या मते नवख्या अभ्यासकाने सरळ जिल्हा हेच एकक धरावे.

चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी 1978 मध्ये मांडलेली डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस ही पद्धत आरंभासाठी योग्य आहे. तिच्यात श्रम, भांडवल आणि ऊर्जा खर्चून कोणी किती उत्पन्न मिळवले, याची तुलना समूहातील सर्वोत्तमांशी होते. म्हणून 1 हा सर्वोच्च गुण मिळालेला जिल्हा आदर्श असतोच असे नाही, तो या समूहात मागे नाही, इतकेच सिद्ध होते. चले, म्हणजे मोजायचे घटक, वाढवण्याचा मोहही टाळावा, कारण एककांची संख्या आदाने (खर्ची पडणारी साधने) व प्रदाने (त्यातून मिळणारे परिणाम) यांच्या एकूण संख्येच्या किमान तिप्पट नसेल, तर बहुतेक सर्वांना 1 हाच गुण मिळू लागतो.

सर्वाधिक काळजी प्रदूषणाबाबत घ्यावी. सांडपाणी आणि हवेतील धूलिकण हे अनिष्ट प्रदान म्हणून प्रतिमानात घेतलेच पाहिजेत. ते वगळले, तर नदी नासवून वाढलेले उत्पन्नही कार्यक्षम ठरते आणि ‘शाश्वत’ हे विशेषण केवळ शीर्षकापुरते उरते.